खंडेनवमीला घासलेला पिस्टन

सिलिंडर उलटा धरला, प्लगच्या भोकावर बोट दाबलं आणि पिस्टन वरून आत सोडला. तो टक्कन तळाला जाऊन आपटला. पुन्हा काढला, पुन्हा सोडला. पुन्हा टक्कन.

असं होता कामा नये, एवढं मला कळत होतं. आमच्या ह्यांनीच दाखवलं होतं. पिस्टन आणि सिलिंडरची जोडी इतकी चपखल असते की आतली हवा कोंडते, पिस्टन मध्येच अडतो आणि मग नाखुशीनं, सावकाश खाली उतरतो. त्या कोंडलेल्या हवेवर तर इंजिन चालतं. हवा निसटायला लागली की मग पंखा हात मोडेस्तोवर फिरवा, काही उपयोग नाही.

"आई," मी ओरडले, "हे कोणी घासलं?"

सासूबाई समई पुसत होत्या. मोठ्या कौतुकानं आपल्या मालवणीत म्हणाल्या, "मियां घासलंय. कसा चकचकीत झाला मा?"

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कशाला एवढी पेटली.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. हे गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर. त्यांना नाद होता छोट्या विमानांच्या इंजिनांचा. म्हणजे लाकडाची आणि कागदाची जी विमानं हौशी लोक मैदानात उडवतात, त्यांची इंजिनं. 'खेळण्यातली' म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. इंजिन मुठीत मावेल एवढं, पण खरंखुरं पेट्रोल पिणारं, ठिणगीवर चालणारं, आणि चालू झालं की अख्खी चाळ डोक्यावर घेणारं. गोरे लोक गेले तेव्हा त्यांची अशी इंजिनं चोरबाजारात आली होती. एकेकाचं नाव पुसलेलं, स्क्रूनं बसवायचे कान तुटलेले. हे रविवारी जाऊन ती चाचपत बसायचे आणि मी घरी भाकऱ्या भाजत त्यांच्या नावानं खडे फोडायची.

त्यांचं नाव ऐकून शिवाजी पार्कचे एक काका जिने चढून आमच्या खोलीत आले. सरकारी नोकरीतून निवृत्त, स्वच्छ धोतर, हातात रुमालात बांधलेलं इंजिन. ते त्यांच्या मुलाचं. मुलगा लढाईच्या वेळी विमानदलात गेला आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला विमानासकट पडला. एकुलता एक. आता काकूंचा एक कान आधीच गेलेला, दुसरा आतून सडत चाललेला. ऑपरेशन नाही केलं तर जिवावर बेतणार आणि केलं तर ऐकू येणं जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. त्याआधी काकूंना एकदा ते इंजिन ऐकायचं होतं.

ह्यांनी शब्द दिला. इंजिन सुटं केलं, घासलेटात भिजवलं आणि आम्हा दोघींना बजावलं की त्या ताटाला हात लावायचा नाही. मग आठवड्याभरात संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात जाऊन बसले आणि आत गेले. मी त्यांना कुंकू लावून ओवाळलं, मोठ्यानं घोषणा दिली आणि खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडले. अभिमानही खरा होता आणि रागही खरा होता.

तशात दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात. पोरगा तुरुंगात, मग निदान त्याच्या हत्यारांची पूजा तरी यंदा झोकात व्हायला हवी, असं त्या माउलीनं मनात घेतलं. मी बाजारात गेले होते तेवढ्यात करवती, कानशी, पाने सगळं घासलं. ताटातला पिस्टन काळपट दिसला, तो विटेच्या पुडीनं आणि चिंचेनं रगडला. सिलिंडरच्या आत काडीला काथ्या गुंडाळून फिरवला. वर हळदकुंकवाचं बोट.

मी तोंडाला येईल ते बोलले. सासूबाई ऐकून घेत होत्या, ते मला जास्त झोंबलं. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई. शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे पोराचो शब्द मियांच मोडलंय." आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं. ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या, उठायच्या. घरात दोन बायका आणि मधे ते इंजिन. देवाशपथ सांगते, घर खायला उठलं होतं.

ह्यांच्या वर्कशॉपमधल्या जोडीदाराला मी पिस्टन दाखवला. तो म्हणाला, "वहिनी, अर्ध्या केसाचं काम आहे हे. हे त्यालाच जमतं. मी नवीन करायला गेलो तर असलेलं पण घालवीन." चोरबाजारात गेले तर तिथला म्हातारा दुकानदार विचारतो, "कौनसी कंपनी का है, बेटी? नाम बोलो, फिर ढूंढें." नाव कुठून आणू? इंजिनाच्या अंगावर एक अक्षर नव्हतं. त्यानं डबाभर पिस्टन माझ्यापुढे ओतले. एक मोठा, एक छोटा, एकाचं डोकं सपाट, आमच्याच्या डोक्यावर उंचवटा. दिसायला सगळे सख्खे भाऊ, पण आमच्या घरात एकही नांदेना.

तुरुंगात मुलाखतीला गेले तेव्हा सासूबाईंनी सकाळीच माझा हात धरला होता, "तेका सांगा नको गो." नाही सांगितलं. सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, त्या काकांच्या इंजिनाची जात कोणती?"

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला भडभडून आलं. जाळीच्या पलीकडे उभा माणूस, दाढी वाढलेली, आणि बोलतोय काय तर इंजिनाबद्दल. "काका म्हणतात विलायतेचं. पण आपल्या वर्कशॉपातला एकही विलायती नट त्याला बसेना. आटे वेगळेच. अमेरिकेचं आहे ते, लढाईच्या आधीचं. रंगाबिंगावर कधी जायचं नाही, आटे बघायचे. मागच्या झाकणाला स्क्रू किती ते बघायचे. आणि धुराच्या तोंडावर कोणा मूर्खानं कानस मारून ते मोठं केलंय. चांगल्या इंजिनाचं वाटोळं! पण तू का विचारतेस?"

"असंच," मी म्हटलं. "तुमची आठवण आली म्हणून."

तिथून मी थेट काकांकडे गेले. पिस्टनचं सांगायचं धाडस झालं नाही. "तसलं इंजिन आणखी कोणाकडे होतं का हो?" एवढंच विचारलं. ते आठवून म्हणाले, मुलाचा एक गुजराती मित्र होता, गिरगावच्या पलीकडच्या अंगाला राहायचा. दोघांनी मिळून बोटीनं इंजिनं मागवली होती. "पण त्याचं निराळं असावं. त्याचं निळं होतं." मुलगा गेल्यावर तो मित्र एकदाही आला नाही, असंही म्हणाले. निघताना पत्ता दिला.

पत्ता मिळाला, पण जायचं कसं? तेव्हाची मुंबई आठवा. पहिल्या गोळीबाराच्या जखमा ओल्या होत्या, वरून द्वैभाषिक लादलेलं. आज हरताळ, उद्या अश्रुधूर. त्या वस्तीतली माणसं आमच्या वस्तीला घाबरत होती आणि आम्ही पोलिसांना. मी म्हटलं, जरा निवळू दे. तर काकांचा निरोप आला की काकूंचं दुखणं वाढलंय, ऑपरेशन दिवाळीच्या आधीच, परवा सकाळी भरती करायचं. इंजिन जसं असेल तसं परत द्या, त्यांनी कळवलं होतं, जमलं नाही तरी राग नाही. राग नाही म्हणे! राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद. मी पिशवीत इंजिनाचं धड घेतलं, तर सासूबाई दारात चपला घालून उभ्या. "घासला मी, मागतलंय पण मीच." उपाशी बाई, लालबागपासून चालत आली. रस्त्यावर फुटक्या काचा, दगड. गिरगावात एका नाक्यावर पोरांनी अडवलं, "मावशी, तिकडं कुठं? आज तिकडं जाऊ नका." सासूबाई म्हणाल्या, "औषध आणूचा हा रे." पोरांनी वाट सोडली.

घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातली सगळी दारं बंद. आम्ही कडी वाजवली तशी आतली भांड्यांची खुडबूड थांबली.

"कोण?" पुरुषाचा आवाज.

मी काकांचं नाव सांगितलं, इंजिनाचं सांगितलं. आतून पावलं दाराशी आली. मग, "इथं इंजिनबिंजिन काही नाही. जा तुम्ही."

"बायका आहोत हो आम्ही. दोघीच."

"बायकांच्या मागून कोण येतंय मला काय ठाऊक?"

मी चिडले. म्हटलं, "मागून कोण येणार? नवरा तुरुंगात आहे माझा!" हे बोलायला नको होतं; तुरुंगात म्हणजे चळवळीतला, हे त्याला लगेच कळलं. आतून दुसरी कडी लावल्याचा आवाज आला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्या क्षणी ह्यांचं जाळीपलीकडचं बोलणं आठवलं. मी दाराला तोंड लावून एकेक सांगत सुटले. नाव नाही. आटे अमेरिकेचे. पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा. टाकी खाली, पोटाशी.

"मागच्या झाकणाला स्क्रू किती?" आतून प्रश्न आला.

मी पिशवीत हात घालून चाचपलं. "चार."

"चार तर सगळ्यांनाच असतात."

"आणि धुराच्या तोंडावर कानस मारलीय," मी म्हटलं. "कोणा मूर्खानं."

मग कड्या निघाल्या, एक, आणि दुसरी. दारात टक्कल पडलेला, गंजिफ्रॉकातला माणूस उभा. "दोघांनी मारली होती," तो म्हणाला. "आवाज मोठा यावा म्हणून. एकाच दिवशी, त्याच्याच गॅलरीत बसून."

त्यानं कपाटाच्या वरून निळं इंजिन काढलं. पडून त्याचा पंखा फिरवणारा मधला दांडा मोडला होता, तो भाग कधी मिळालाच नाही. आमचं धड शेजारी ठेवलं. त्यानं नखानं निळा रंग खरवडला. खाली तोच धातू, तोच उंचवटा, तेच चार स्क्रू. सासूबाईंनी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "शेटजी, मी घासून वाटोळा केलंय. विटेच्या पुडीन." तो माणूस म्हणाला, "आमच्या घरी पण दिवाळीत काय वाट्टेल ते घासतात, मावशी."

पण सिलिंडर सोडवून आमच्या हातात द्यायला तो तयार होईना. "ही जोडी मी कोणाच्या हातात देणार नाही. बसवायचं तर मीच बसवीन."

"मग चला," मी म्हटलं.

त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं रस्त्याला घाबरतोय. तो होताच घाबरलेला, पण खुर्चीवर बसून म्हणाला ते वेगळंच. "विमानदलात आम्ही दोघं जाणार होतो. माझ्या वडिलांनी मला खोलीत कोंडलं. तो गेला. मी त्या माऊलीला कुठल्या तोंडानं भेटू? ती विचारणार नाही, तू जिवंत कसा?"

सासूबाईंनी त्याचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या मांडीवर टाकला. "मियां माझा तोंड घेऊन इतक्या लांब इलंय. ऊठ. वाटेत कोणी इचारल्यान तर तू माझो भाचो. मुको. तोंड उघडू नको."

परतीची वाट मला जन्मात विसरता येणार नाही. एरवी मराठी छान बोलणारा माणूस, पण उच्चार गुजराती वळणाचे. तो आमच्या दोघींच्या मधे, खाली मान घालून, छातीशी इंजिनं, वायरी, सेल भरलेली पिशवी धरून चालला होता. भायखळ्यापर्यंत कोणी बघितलं नाही. चिंचपोकळीला मात्र सात-आठ तरुणांनी आम्हाला घेरलं. दगडफेकीनं डोकी भणाणलेली, डोळे अश्रुधुरानं लाल.

"हा कोण? पिशवीत काय?"

"माझो भाचो. मुको आसा," सासूबाई म्हणाल्या.

एकानं पिशवी हिसकली. आत लोखंडी, चकत्याचकत्यांची नळी, वायर, कॉइल, सेल. तो दोन पावलं मागे सरला. "अरे, बाँब आहे बाँब!"

झालं. दुसऱ्यानं त्या माणसाची कॉलर धरली. "बोल, कोणी पाठवलं? बोल ना!" तो बिचारा ओठ घट्ट मिटून उभा होता. त्यानं तोंड उघडलं असतं तर मारच खाल्ला असता. आणि उघडलं नाही म्हणून एक बसलीच. थोबाडीत. सासूबाई किंचाळून मधे पडल्या. मी इतकी घाबरले होते की भीतीचाच राग झाला. मी पिशवी उचलून त्या पोराच्या छातीवरच आपटली. "फोड! बाँब आहे ना? फोड मग! माझा नवरा तुरुंगात सडतोय, आणि तू त्याच्या म्हाताऱ्या आईवर हात टाकतोस? महाराष्ट्र मिळवणार म्हणे! मेल्या, आधी मुक्याला मारायचं नाही एवढं तरी शीक!"

त्यातल्या एकानं मला ओळखलं. आमच्याच गल्लीतला. "अरे सोड, मिस्त्रीच्या घरची वहिनी आहे ती." कॉलर सुटली. मारणाऱ्यानं खाली बघून माफी मागितली. आणि मग, काय सांगू, ती पोरं परळपर्यंत आमच्याबरोबर चालत आली, पुन्हा कोणी अडवू नये म्हणून. एकानं पिशवी घेतली. आमचा मुका भाचा त्यांच्या मधोमध चालत होता, आणि त्याच्या गालावर पाच बोटं उठलेली.

शिवाजी पार्कला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काकांनी दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं, आणि आत घेतलं. गॅलरीत टेबल होतं. काकूंना खुर्चीवर आणून बसवलं. कानाभोवती पट्टी, चेहरा ओढलेला. त्यांनी त्याला ओळखलं नाही. तो पाठ फिरवून कामाला लागला.

त्यानं आपला सिलिंडर आणि पिस्टन सोडवला. मला म्हणाला, "आधी तुम्ही तपासा." मी सिलिंडर उलटा धरला, बोट दाबलं, पिस्टन सोडला. तो मध्येच अडला. मग सावकाश खाली उतरायला लागला. त्यानं जोडी बसवली, झाकणाचे चारही स्क्रू जागेवर बसले.

वायरी जोडल्या, पेट्रोलात जाड तेल मिसळून टाकी भरली. त्यानं पंखा फिरवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. प्लग काढून पुसला, ठिणगी बघितली, परत लावला. पंख्यानं त्याचं बोट सोललं, टेबलावर रक्ताचे थेंब पडले. काका म्हणाले, "राहू दे रे बाळा." तो ऐकेना. सासूबाई डोळे मिटून गावच्या देवाला काहीतरी कबूल करत होत्या.

आणि इंजिन पेटलं.

काय तो आवाज! खिडक्यांची तावदानं थडथडायला लागली. समोरच्या इमारतीत माणसं गॅलरीत आली. धूर, तेलाचा वास. पण आम्ही चौघंही बघत होतो काकूंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हात मांडीवर, नजर समोर. काका वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. उशीर झाला, माझ्या मनात आलं. गेलं ऐकणं. एवढं सगळं करून गेलं.

तेवढ्यात काकू ताडकन उठल्या आणि गरजल्या, "बंद करा रे ते मेल्यांनो! दुपारचं जरा पडू देत नाहीत, कार्टी कुठली!"

त्या माणसाचा हात आपोआप वायरीवर गेला. वायर उपटली, इंजिन थांबलं. "चुकलो काकू," तो म्हणाला. तेव्हा म्हणत असेल तसंच, मान खाली घालून.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, टक्कल, गाल, बोटावरचं रक्त. मग त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग पदराचा बोळा तोंडाशी धरून खुर्चीत बसल्या.

"बंद का केलंस?" त्या म्हणाल्या. "लाव."

तापलेलं इंजिन लवकर पकडत नाही. तो फिरवत राहिला, रडत राहिला, फिरवत राहिला. काकू म्हणत होत्या, "लाव रे, लाव, मी नाही ओरडत." सातव्या की आठव्या खेपेला पुन्हा पेटलं. मग टाकी संपेपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही.